आपल्या बागा कोणी राखल्या?

भगिनींनो, सहल म्हटली की आपल्या मंडळात महाबळेश्वर, शिर्डी, फार तर अलिबाग एवढीच नावे निघत. गेल्या वर्षी मात्र अध्यक्षबाईंनी वेगळाच बेत सुचविला. महिन्यातून एका रविवारी मुंबईतीलच एखादी बाग किंवा मैदान पाहावयाचे, बेस्टने जावयाचे आणि घरचा डबा न्यावयाचा. खर्च थोडा, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी परत. तेव्हा काहीजणींनी नाके मुरडली, पण वर्षअखेरीस त्याच भगिनी पुढचा रविवार कधी म्हणून विचारू लागल्या!

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, एवढेच मला शाळेत कळले होते. परंतु या बागांतून हिंडताना पाट्या आणि कोनशिला वाचण्याचा नाद लागला. चिटणीसबाईंनी वाचनालयातून पुस्तके आणून दिली. ती दुपारी, घरातली मंडळी बाहेर गेल्यावर वाचली. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली, ती आपणा सर्वांस सांगावी म्हणून हा लेख लिहीत आहे. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात मोकळी जागा आपोआप राहिलेली नाही. कोणीतरी ती मागितली आणि कोणीतरी ती राखली. मागणाऱ्यांत आणि राखणाऱ्यांत आपल्यासारख्या बायकाही होत्या.

पहिल्या रविवारी आम्ही भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो. तिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण आपल्या तोंडी राणीची बागच बसलेले आहे. या बागेच्या आधी शेती आणि बागाईतीची आवड असलेल्या मंडळींच्या एका संस्थेची बाग शिवडीस होती. ती जागा इंग्रजांच्या दफनभूमीकडे गेली आणि बाग भायखळ्यास आली. १८६२ साली गव्हर्नर फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांना खुली झाली. १८७३ साली म्युनिसिपालिटीने ती आपल्या ताब्यात घेतली. वाघसिंहांचे पिंजरे नंतर आले. मूळ ही झाडांची बाग. आजही तेथे अडीचशेहून अधिक जातींची झाडे आहेत. गोरखचिंचेचा तो पिंपासारखा बुंधा पाहून आमच्यातील एकीने त्याला कवेत घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा चौघींचे हात लागले. उर्वशी नावाचे एक दुर्मीळ फुलझाडही तेथे आहे.

बागेच्या आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांच्यासारख्या मंडळींनी खटपट करून ते उभारले आणि १८७२ साली ते लोकांसाठी उघडले. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १९६५ साली चौकातून हलविलेला काळा घोडाही याच बागेत आहे. गोऱ्या बादशहाचा पुतळा आता झाडांच्या सावलीत उभा, आणि समोरून आपली पोरे भेळ खात जातात, हे पाहून मला मोठी गंमत वाटली.

या बागेची अलीकडची हकीकत मात्र आपण विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. २००७ च्या सुमारास तेथे परदेशी धर्तीचे मोठे प्राणिसंग्रहालय करण्याची योजना पुढे आली. मग या जुन्या झाडांचे काय होणार, असा प्रश्न पडून मुंबईतील काही भगिनी एकत्र आल्या. त्या काही मोठ्या पुढारी नव्हत्या. त्यांनी झाडे मोजली, त्यांच्या याद्या केल्या, अर्ज लिहिले, सभा भरविल्या. ती मूळ योजना पुढे गेली नाही. पुढे पेंग्विन आले, नवे पिंजरे झाले, तरी झाडांची बाग म्हणून राणीची बाग टिकून आहे. आमच्या सासूबाई पस्तीस वर्षे लालबागेत राहिल्या, आणि एवढ्या जवळची ही बाग त्यांनी दोनदाच पाहिली होती, तीही काखेला मूल आणि हातात डबा घेऊन. यंदा त्या आमच्याबरोबर आल्या आणि झाडाखाली दोन तास नुसत्या बसून राहिल्या. बाईमाणसाला नुसते बसावयास मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे आपणास मी काय सांगावे!

दुसऱ्या खेपेस मलबार टेकडीवर गेलो. तेथील फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे आपले हँगिंग गार्डन, १८८१ च्या सुमाराचे. खाली शहराच्या पाण्याचा मोठा हौद आणि वर बाग! हौदावर नुसते छप्पर घालूनही भागले असते. पण कोणाला तरी सुचले की वर माती घालून फुले लावावीत. समोरच कमला नेहरू पार्क आहे. तेथला म्हातारीचा बूट १९५२ साली सोली अर्सेवाला यांच्या कल्पनेतून उभा राहिला. आपल्यापैकी कित्येकींनी लहानपणी त्या बुटाच्या खिडकीतून डोके काढले असेल.

आता दादर-माटुंग्याकडे वळण्याआधी एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिकडल्या बागा त्या दुःखातून निघाल्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीच्या दाटीवाटीच्या वस्तीत डॉ. व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. लोक हजारोंनी मेले, हजारो गाव सोडून गेले. गल्ल्या अरुंद, खोल्यांत ना उजेड ना वारा, अशा जागी रोग लवकर पसरतो हे सरकारच्या ध्यानी आले आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था कायद्याने स्थापन झाली. तिने समुद्राचा वारा शहरात यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखणी करून नव्या वस्त्या वसविल्या. खरे सांगावयाचे तर या कामात जुन्या वस्त्यांतील पुष्कळ गरिबांची घरे पाडली गेली आणि तितकी नवी त्यांना मिळाली नाहीत. परंतु नव्या वस्त्या आखताना घरांबरोबर मोकळ्या जागाही आखल्या गेल्या, हे मानलेच पाहिजे.

माटुंग्याचे पाच बगीचे हे त्याचेच फळ. एका चौकाभोवती पाच बागा, कडेला जुनी झाडे आणि बसक्या इमारती. जवळची पारशी कॉलनी वसविण्यासाठी झटलेले इंजिनीयर मंचेरजी जोशी यांचे नाव या बागांना दिलेले आहे. आपल्या कमी ऐपतीच्या पारशी बांधवांसाठी त्यांनी ट्रस्टकडून १०३ भूखंड मिळविले होते. एका माणसाने चिकाटी धरली तर काय होते ते तेथे गेल्यावर डोळ्यांनी दिसते.

आणि आता शिवाजी पार्क. हे मैदान १९२५ साली लोकांना खुले झाले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने ते बदलून शिवाजी पार्क झाले. हे नाव द्यावे असा आग्रह म्युनिसिपालिटीत कोणी धरला, ठाऊक आहे? अवंतिकाबाई गोखले यांनी. मला हे वाचून फार आनंद झाला. इतकी वर्षे आपण शिवाजी पार्क, शिवाजी पार्क म्हणतो, पण ते नाव एका बाईने मिळवून दिले हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हते.

अवंतिकाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा शिकलेल्या नव्हत्या. त्या सासरी शिकल्या. पुढे त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले. १९१७ साली चंपारणच्या सत्याग्रहाच्या वेळी गांधीजींच्या बोलावण्यावरून त्या बिहारमधील खेड्यात जाऊन राहिल्या आणि तेथे मुलांना शिकविण्याचे काम केले. १९१८ साली त्यांनी गिरगावात हिंद महिला समाज स्थापन केला. त्याच साली त्यांनी मराठीत गांधीजींचे चरित्र लिहिले व त्याला लोकमान्य टिळकांनी प्रस्तावना दिली. म्युनिसिपालिटीत बसणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. आपल्यासारख्याच एका महिला मंडळातून एक बाई निघते आणि शहराच्या मैदानाचे नाव ठरविते, ही गोष्ट स्मरणिकेत लिहून ठेवण्यासारखी नाही काय?

हे मैदान सुमारे २८ एकरांचे आहे. घरी येऊन मी मुलाकडून हिशेब करविला. आपल्या चाळीतील दहा बाय बाराची खोली धरली, तर या मैदानात अशा दहा हजारांवर खोल्या मावतील! पण तेथे खोल्या झाल्या नाहीत, म्हणून लाखो लोकांना ते पुरले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रचंड सभा येथे झाल्या. क्रिकेटचे किती खेळाडू या मातीत तयार झाले ते पोरांना विचारा. समर्थ व्यायाम मंदिरात मुली मल्लखांबाच्या दोरावर अशा काही कसरती करतात की आपला श्वास अडकतो. जवळच महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे. आणि सभोवारचा तो कट्टा! त्यावर म्हातारी माणसे, तरुण पोरे, भाजी घेऊन परतणाऱ्या बायका, सगळ्यांना सारखी जागा. तेथे बसण्यास तिकीट नाही आणि कोणी उठ म्हणत नाही.

आपल्या गिरणगावाची गोष्ट मात्र थोडी कडू आहे. १९५३ साली मुंबई राज्यात कामगार कल्याण निधीचा कायदा झाला आणि त्यातून कामगार कल्याण केंद्रे चालू लागली. शिवणाचे वर्ग, बालवाड्या, वाचनालये, कॅरमचे टेबल असे पुष्कळ काही गिरणी कामगारांच्या कुटुंबांना तेथे मिळाले. आमच्या थोरल्या जाऊबाई अशाच केंद्रात शिवण शिकल्या आणि त्या शिवणावर त्यांनी पुढे घर चालविले. कारण १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. आमचे मामंजी त्यांपैकी एक. पुष्कळ गिरण्या पुन्हा नीट चालू झाल्याच नाहीत.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांच्या जमिनींचे काय करावे हा प्रश्न आला. १९९१ च्या नियमांत असे होते की गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानाने तिसरा हिस्सा बागा-मैदानांसारख्या सार्वजनिक कामासाठी, तिसरा हिस्सा सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी ठेवावा. २००१ साली नियम बदलला. गिरणीच्या इमारती ज्यावर उभ्या होत्या ती जागा हिशेबातून वगळून आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेचीच वाटणी करावयाची ठरले. भगिनींनो, पोळ्यांची चळत बाजूला ठेवून डब्यातल्या चतकोराचे तीन वाटे करावेत, तसा हा प्रकार. लोक न्यायालयात गेले, परंतु २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. जेथे आपल्याला मोठमोठ्या बागा मिळाल्या असत्या तेथे आज काचेचे मनोरे आहेत. शिवाजी पार्क राहिले आणि गिरणगावचे मैदान गेले, असे माझ्या साध्या बुद्धीला वाटते.

म्हणूनच आपल्या आळीच्या टोकाची ती लहानशी बाग मला मोलाची वाटते. दोन घसरगुंड्या, चार बाक आणि एक बदामाचे झाड, एवढेच तिचे वैभव. काही वर्षे तिला भर दुपारी कुलूप असे. आपल्याला घरकामातून दोन ते चार एवढीच सवड, आणि नेमकी तेव्हाच बाग बंद! मंडळाने कचेरीत अर्ज दिला, तो सापडेना. दुसरा दिला, त्याचे उत्तर आले नाही. तिसऱ्या वेळी आपण पंधराजणी मिळून गेलो आणि साहेब जेवून येईपर्यंत बाहेर बसून राहिलो. आता दुपारी फाटक उघडे असते. मोडका बाकही दुरुस्त झाला. त्या बाकावर दुपारी निवडलेली मेथी आणि तेथे ठरलेली लग्ने मोजावयाची म्हटली तर स्मरणिका पुरणार नाही!

एक काम मात्र अजून राहिले आहे. या बागेत बायकांसाठी मुतारी नाही. पुरुष कसेही भागवितात; आपण आणि आपल्या मुली मात्र तहान मारून बसतो किंवा लवकर घरी परततो. अवंतिकाबाईंनी मैदानाला नाव मिळविले, राणीच्या बागेतील झाडांसाठी भगिनींनी याद्या केल्या, त्या मानाने आपली मागणी काही मोठी नाही. अर्ज चिटणीसबाईंजवळ तयार आहे. वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाला येताना प्रत्येकीने त्यावर सही करावी आणि शेजारणीलाही बरोबर आणावे. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा द्यावा, तोही तितकाच चालतो. कचेरीत जावयाचा दिवस पुढील महिन्यातील पहिला सोमवार ठरला आहे. डबा बरोबर घ्यावा, कारण बसावे लागेल.