पॉवर वीडर: रिव्हर्स घेताना आणि गुंतलेलं गवत काढताना सांभाळा, हंगाम संपल्यावर मशीन ठेवायचं कसं?

बैलजोडी सांभाळणं परवडेना आणि निंदणीला वेळेवर मजूर मिळेना, म्हणून निफाड, दिंडोरी, सिन्नर भागात टोमॅटो, ऊस आणि द्राक्षबागांत पॉवर वीडर आले. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या भातखाचरांत त्याचाच मोठा भाऊ, म्हणजे पॉवर टिलर चालतो. मशीन देताना दुकानदार दोरी कशी ओढायची आणि गिअर कसा टाकायचा एवढं दाखवतो. सोबतची पुस्तिका बऱ्याचदा इंग्रजीत असते, ती पिशवीतच राहते. पुढे घरातलं जे कोणी मोकळं असेल ते मशीन हातात घेतं.

सरीतून सरळ पुढे चालताना हे मशीन सहसा दगा देत नाही. जास्त धोका दोन वेळेला असतो. एक, रिव्हर्स घेताना. दुसरा, पात्यांत गुंतलेलं काढताना.

रिव्हर्स म्हणजे मशीन अंगावर घेणं

वीडरची पाती चालवणाऱ्याच्या पायापासून दोन-तीन फुटांवर फिरत असतात. पुढे जाताना ती लांब जातात, रिव्हर्समध्ये पायाकडे येतात. मागे द्राक्षाच्या मंडपाचा अँगल, झाड किंवा बांध असला तर माणूस हँडल आणि त्याच्या मधे दाबला जातो. घाबरून मूठ आणखी आवळते, लिव्हर दाबलेलाच राहतो आणि मशीन काही थांबत नाही.

म्हणून आधी पाती न्यूट्रल करावीत, रेस कमी करावी, मागे वळून बघावं आणि मगच रिव्हर्स टाकावा. त्याहून बरं म्हणजे सरीच्या टोकाला वळायला पाच-सहा फूट जागा सोडावी, रिव्हर्सची गरजच पडू नये. बांधाकडची तेवढी पट्टी कुदळीने किंवा खुरप्याने काढायला कितीसा वेळ लागतो? बऱ्याच मशीनमध्ये रिव्हर्स गिअरला पाती फिरू नयेत अशी सोय असते. ती कोणी काढून टाकली असेल तर आधी बसवून घ्यावी.

हाताच्या लिव्हरचंही तसंच. बऱ्याच वीडरला लिव्हर दाबला की पाती फिरतात आणि सोडला की थांबतात. हात दुखतो म्हणून काही जण लिव्हरला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात. मग चालवणारा पडला तरी मशीन चालूच राहतं. पट्टी बांधायची वेळ येते याचा अर्थ हाताला विश्रांती हवी, एवढाच. दर अर्ध्या-पाऊण तासाने मशीन बंद करून थांबलं की हाताची बधिरताही कमी होते. पॉवर टिलरच्या मेन क्लचचं काम वेगळं असतं, तिथे लिव्हर ओढल्यावर ड्राइव्ह सुटतो. भाड्याचं मशीन आणलं तर कोणता लिव्हर काय करतो हे इंजिन बंद असताना बघून घ्यावं. नंतर मोकळ्या जागेत कमी रेसवर तपासावं. लिव्हर सोडूनही पाती हळूहळू फिरत असतील तर केबल नीट करून घेतल्याशिवाय शेतात उतरू नये. भाड्याच्या मशीनचं मागचं पत्र्याचं गार्ड जागेवर आहे का तेही बघावं. झाडाच्या बुडाशी जाता यावं म्हणून ते सर्रास काढलेलं असतं.

गुंतलं तर आधी प्लगची टोपी काढा

हराळी, ठिबकची नळी, मल्चिंगचा फाटका पेपर, सुतळी. यातलं काही ना काही पात्यांत गुंडाळलं जाणारच. तेवढ्यासाठी कुठे बंद करायचं, म्हणून चालू मशीनमध्ये पाय किंवा काठी घालणारे आहेत. बोटं जातात ती इथेच.

इंजिन बंद करावं, पाती पूर्ण थांबू द्यावीत आणि स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवावी. टोपी का काढायची? मशीन गिअरमध्ये राहिलं असेल तर पाती हाताने फिरवताना इंजिनही फिरतं आणि ते क्षणभर पेट घेऊ शकतं. डिझेल इंजिनाला प्लग नसतो, तिथे स्टॉप लिव्हर बंद स्थितीत आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना हे बघावं. मग हातमोजे घालून विळ्याने कापून काढावं. वीडर घालण्याआधी ठिबकच्या नळ्या गोळा करून घेतल्या तर निम्मा त्रास वाचतो.

पात्यांत जसं गवत गुंडाळतं तसाच कपडाही. धोतर, लुंगी, उपरणं, ओढणी, साडीचा पदर यांपैकी काहीही सैल नको. महिलांनी साडीवर शर्ट घालून पदर आत खोचलेला असावा, पॅन्ट असेल तर उत्तमच. पायात चप्पल अजिबात नको. गमबूट किंवा जाड बूट हवेत. मशीन चालू असताना लहान मुलं, जनावरं लांब ठेवावीत, पात्यांतून उडालेला दगड बराच लांब जातो.

जमीन कडक असेल तर पाती आत घुसण्याऐवजी चाकासारखी पळतात आणि मशीन पुढे उसळी मारतं. मागचा खोलीचा दांडा नीट लावावा, पहिली पाळी उथळ द्यावी. वापसा असताना काम केलं तर माती भुसभुशीत होते आणि मशीनही ताब्यात राहतं.

डोंगराकडच्या तालुक्यांत टिलर चालवणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. तीव्र उतारावर खाली येताना स्टिअरिंग क्लच उलटा काम करतो. डावा दाबला की टिलर उजवीकडे वळू शकतो. त्यामुळे उतारावर क्लच न वापरता हँडलनेच वळवावं, गिअर लहान ठेवावा आणि न्यूट्रल करू नये.

पॉलिहाऊसमध्ये पेट्रोल वीडर घातला तर पडदे पूर्ण उघडावेत. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखलं, गरगरलं तर लगेच बाहेर यावं. बंद शेडमध्ये इंजिन चालू करून बघणंही टाळावं. पेट्रोल भरायचं ते इंजिन थंड झाल्यावर, बिडी-सिगारेट लांब ठेवून, आणि टाकी काठोकाठ न भरता.

ठेवताना पेट्रोल काढा

काम संपलं की मशीन गोठ्याच्या कोपऱ्यात ढकललं जातं आणि जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा निघतो. त्याचं कारण बहुतेक वेळा कार्बोरेटरमध्ये साठलेलं जुनं पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ज्या उसात वीडर चालतो त्याच उसापासून ते तयार होतं, हे खरं, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोल उडून मागे चिकट थर राहतो आणि कार्बोरेटरचं बारीक छिद्र बंद होतं.

महिन्याहून जास्त दिवस मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करावी आणि उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मोकळ्या हवेत चालू ठेवावं. कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून उरलासुरला थेंबही काढावा. प्लग काढून छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल घालावं, दोरी दोन-तीनदा हळू ओढावी आणि प्लग बसवावा. शेवटी दोरी घट्ट लागते तिथे थांबवावी. त्या जागी व्हॉल्व्ह बंद असतात, ओलावा आत जात नाही. डिझेल मशीनचं उलट असतं, त्याची टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत पाणी धरत नाही.

पात्यांवरची माती काढून त्यांना जुनं ऑइल लावावं. मशीन फळीवर ठेवावं, खताच्या गोण्यांजवळ नको, कारण खताच्या ओलाव्याने लोखंड लवकर गंजतं. चूल, देवाचा दिवा, वेल्डिंग यापासून लांब ठेवावं. मुलं घरात असतील तर प्लगची टोपी काढलेलीच राहू द्यावी. पुन्हा बाहेर काढताना पात्यांचे नटबोल्ट आवळावेत, ऑइल बघावं आणि एअर फिल्टरमध्ये उंदराने घर केलं नाही ना हेही बघावं.

अपघात झालाच तर

पाय पात्यांत अडकला असेल तर मशीन उलटं फिरवून सोडवू नये, जखम वाढते. इंजिन बंद करून पात्यांचे बोल्ट सोडवावेत. रक्त येतं तिथे स्वच्छ कापड दाबून धरावं आणि १०८ ला फोन करावा. हळद, माती, चुना काही लावू नये. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावं, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. थेट बर्फावर ठेवू नये. जखम मातीतली असल्याने धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायलाच हवं.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये आणि एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा असतो, तोही अपघातानंतर ३० दिवसांच्या आत. त्यामुळे दवाखान्याचे सगळे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत आणि सातबारा काढून घ्यावा.