मल्टिकास्ट आणि सेवेची गुणवत्ता : आंतरजालाच्या इतिहासातील एक पेच

आंतरजालाच्या नित्य व्यवहारात प्रत्येक पॅकेट एका प्रेषकाकडून एकाच ग्राहकाकडे जाते. एकच व्याख्यान शंभर ठिकाणी पोहोचवायचे तर त्याच्या शंभर प्रती पाठवाव्या लागतात. हा अपव्यय टाळण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीव्ह डीअरिंग व डेव्हिड चेरिटन यांनी १९८५ मध्ये 'यजमान-गट' ही संकल्पना मांडली. १९८९ च्या 'आरएफसी १११२' या दस्तऐवजाने तिला प्रमाणरूप लाभले. प्रेषक एकच प्रत पाठवितो आणि मार्गाला जेथे फाटे फुटतात तेथे राउटर तिच्या प्रती काढतो. गटात कोण आहे, हे प्रेषकास ठाऊक असावे लागत नाही.

मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगो येथील 'आयईटीएफ'च्या सभेचा ध्वनी या पद्धतीने सुमारे २० ठिकाणी ऐकविला गेला. त्यातूनच 'एमबोन' हे जाळे उभे राहिले. तत्कालीन राउटरांना मल्टिकास्ट उमगत नसल्याने सामान्य संगणकांवरच त्याचे काम चालत असे. एकूण वाहतूक सुमारे ५०० किलोबिट प्रतिसेकंदाच्या आत राखण्याचा संकेत होता. परंतु तो केवळ संकेतच. टीसीपी गर्दी दिसताच वेग कमी करते, मल्टिकास्टच्या यूडीपी प्रवाहास तसे बंधन नव्हते. एका बेफिकीर प्रेषकाचा उपद्रव सर्वांना होई.

गुणवत्तेचा प्रश्न येथे तीव्र झाला. १९९४ मध्ये 'एकात्मिक सेवा' ही चौकट आली व १९९७ मध्ये तिचा आरएसव्हीपी हा संकेताचार प्रमाणित झाला. त्यात आरक्षणाची मागणी प्रेषक नव्हे, तर ग्राहक करतो. ही रचना मल्टिकास्टसाठीच होती, याचे विस्मरण अनेक पाठ्यपुस्तकांना झालेले दिसते. हजार ग्राहकांच्या मागण्या प्रेषकाकडे जाताना वाटेतील राउटरांत एकत्र होतात. मात्र प्रत्येक राउटरला प्रत्येक प्रवाहाची नोंद ठेवावी लागे. मोठ्या जाळ्यांस हा भार पेलणे अवघड होते.

डिसेंबर १९९८ मधील 'विभेदित सेवा' पद्धतीने हा भार हलका केला. सीमेवरील राउटर पॅकेटवर ६ बिटांची खूण करतो आणि आतील राउटर ती पाहून रांग ठरवितो. पण करार मोजला जातो तो प्रवेशद्वारी. मल्टिकास्टचे एक पॅकेट आत येते आणि अनेक वाटांनी बाहेर पडते. किती, हे आधी सांगता येत नाही. ही अडचण 'आरएफसी २४७५' नेच मान्य केली होती. मल्टिकास्ट अडखळले ते बव्हंशी या हिशेबापाशी, केवळ तंत्रापाशी नव्हे.

२०२० मध्ये 'आरएफसी ८८१५' ने निरनिराळ्या जाळ्यांदरम्यान कोणत्याही प्रेषकास मुभा देणारा मल्टिकास्ट वापरू नये, अशी शिफारस केली. दूरचित्रवाणी पुरविणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या जाळ्यांत मात्र तो नांदतो आहे. तेथे प्रेषक, राउटर आणि देयक हे तिन्ही एकाच हाती असतात.