आधी कीर्द, मग खतावणी



मोंढ्यातल्या जुन्या अडत दुकानात हिशेब दोन टप्प्यांनी होत असे. दिवसभर गाड्या येत, माप होई, सौदा होई. आणि जो व्यवहार जसा घडला तसाच तो दिवाणजी कीर्दीत उतरवून घेई. कोणाचे किती जमा, कोणाच्या नावे किती, हे निवडून खात्याखात्यावर चढवण्याचे काम, म्हणजे खतावणी, गर्दी ओसरल्यावर चाले. भर दुपारी कोणी खतावणी काढून बसला तर गाड्या खोळंबणार. आणि ती केलीच नाही तर वर्षअखेर मेळ बसणार नाही. संगणकाच्या साठवणीतही गेल्या पाव शतकात नेमका हाच प्रश्न पुढे आला. त्याचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

कचेरीतले एखादे परिपत्रक घ्या. संगणकावर आले की ते दहा टेबलांवर दहा वेळा उतरवले जाते. शिवाय खबरदारी म्हणून रोज रात्री साऱ्या दप्तराची नक्कल काढतात. कालच्या आणि आजच्या नकलेत फरक असतो तो थोडका. बाकी सारे तेच ते. मग तेच ते पुन्हा कशाला ठेवायचे? यावर युक्ती निघाली ती अशी. फाइलीचे लहान लहान तुकडे करायचे आणि गणिताने प्रत्येक तुकड्याचा ठसा काढायचा, माणसाच्या अंगठ्याचा असतो तसा. नव्या तुकड्याचा ठसा जुन्याशी जुळला की तो पुन्हा साठवायचा नाही. त्या जागी फक्त हवाला लिहायचा, की अमुक तुकडा तिकडे आहे, तो पाहा. वाचणाऱ्याला फाइल पूर्वीसारखीच सबंध दिसते. याला इंग्रजीवरून डीडुप्लिकेशन म्हणतात. आपण द्विरुक्ती काढणे म्हणू.

ठशांचे एक महत्त्वाचे गणित १९८१ साली मायकेल राबिन यांनी मांडले. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या शॉन क्विनलन आणि शॉन डॉरवर्ड यांनी व्हेंटी नावाची साठवण जगापुढे ठेवली. तीत तुकड्याचा पत्ता म्हणजेच त्याचा ठसा. त्यामुळे एकच मजकूर दोनदा ठेवणे मुळातच शक्य नव्हते. आणि एकदा लिहिले ते पुसायचे नाही, असा तिचा दंडक होता.

येथून दोन वाटा फुटल्या. एक पक्ष म्हणाला, माल दारात येतानाच ताडून घ्या. जुना असेल तर आत घेऊच नका. २००१ मध्ये स्थापन झालेली डेटा डोमेन ही कंपनी या वाटेने गेली. अडचण अशी, की कोट्यवधी ठशांची यादी यंत्राच्या चटकन हाताशी असणाऱ्या स्मृतीत मावत नाही. ती तबकडीवर ठेवावी लागते, आणि प्रत्येक तुकड्यासाठी तबकडी धुंडाळली तर दारातच रांग लागते. ही रांग कशी टाळली, ते त्यांच्या लोकांनी २००८ च्या एका निबंधात सांगितले आहे.

दुसरा पक्ष आपल्या दिवाणजीचा. आधी सारे लिहून घ्या, सवडीने ताडा. नेटॅप कंपनीने २००७ मध्ये आणलेल्या सोयीत कामाची ठरावीक वेळ होती रोज मध्यरात्र. वाटल्यास असेही ठरवता येई, की शेकडा २० इतका नवा मजकूर साचला की काम आपोआप सुरू व्हावे. विंडोज सर्व्हर या प्रणालीत ही सोय २०१२ साली आली. तिच्या नेहमीच्या वेळापत्रकात ताडण्याचे काम दर तासाला होते, पण नुकत्याच लिहिलेल्या फाइलींना हात लावत नाहीत; त्या काही दिवस मुरू देतात. कोणाचाच हवाला नसलेले तुकडे झाडून टाकायचे काम दर शनिवारी पहाटे २ वाजून ३५ मिनिटांनी, आणि उरलेले तुकडे धड आहेत की नाहीत याची तपासणी त्यानंतर तासाभराने.

आता कोणी म्हणेल, रात्रीची वेळ नेमली की झाले! पण रात्र काही रिकामी नसते. नक्कल काढण्याचे कामही रात्रीच चालते. दोन्ही एका वेळी लावली तर दोन्ही रेंगाळतात, आणि सकाळी कचेरी उघडली तरी यंत्र मागचेच काम उपसत बसते. सवडीने ताडायचे म्हटले की ताडेपर्यंत सारे ठेवण्याइतकी जागाही आधी हवी. आणि फाइल पुसल्याबरोबर जागा मोकळी होईल असे समजू नये. झाडलोट होईपर्यंत तुकडे तिथेच पडून राहतात. म्हणून क्रम ठरवावा लागतो.

परभणीकरांना याचे काय, असे विचाराल, तर आपल्या जिल्ह्याच्या दप्तराकडे पाहा. १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता, कारभार उर्दूतून चाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९८१ मध्ये परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेला, १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाला. गावे जागेवरच राहिली; त्यांची कचेरी मात्र बदलत गेली.

या दप्तराची आठवण साऱ्यांनाच झाली ती सप्टेंबर २०२३ मध्ये. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, आणि मराठवाड्यातल्या जुन्या कागदांत कुणबी अशी नोंद शोधण्याचे काम सुरू झाले. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची रजिस्टरे उघडली गेली. काही मोडीत, काही उर्दूत. पानांच्या प्रतिमा घेण्यात आल्या. या मागणीबद्दल कोणाचे मत काहीही असो. एखाद्या घराला पणजोबाच्या नावाची एक ओळ सापडते की नाही, यावर मुलाचा दाखला अवलंबून राहतो, हे मात्र खरे.

अशा प्रतिमांच्या साठ्यावर द्विरुक्ती काढण्याचे यंत्र चालवले तर काय होईल? तहसिलात ठेवलेली प्रतिमा जशीच्या तशी जिल्ह्याच्या साठ्यातही उतरवली असेल, तर यंत्र ती ओळखील आणि एकच ठेवील. दोन्ही ठिकाणी फाइल दिसतच राहील. कोणाचे काही जात नाही. पण तेच पान दोन वेळा यंत्राखाली धरले असेल, एकदा किंचित तिरके, एकदा जरा अंधारे, तर संगणकाच्या लेखी ती दोन निराळी पाने. तो दोन्ही ठेवील. म्हणून अशा साठ्यात खरी बचत होते ती रोजच्या नकलांत. मूळ प्रतिमांत फारशी नाही.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकाच माणसाचे नाव शाळेच्या रजिस्टरात आहे आणि खासऱ्यातही आहे. माणूस म्हणेल, झाली द्विरुक्ती, एक काढा. इतिहासाच्या दृष्टीने ती द्विरुक्ती नव्हेच; ते दोन साक्षीदार आहेत. एकाने दुसऱ्याला दुजोरा द्यावा म्हणून तर दोन्ही हवेत. यंत्र अक्षरशः सारखे असेल त्यालाच सारखे म्हणते, हा त्याचा मंदपणा येथे गुणच ठरतो. मोह होतो तो माणसाला.

ठशावरही आंधळा विश्वास नको. २०१७ च्या फेब्रुवारीत ॲम्स्टरडॅमची एक संशोधन संस्था आणि गूगल यांनी मिळून दोन निराळ्या फाइलींचा एकच ठसा निघतो हे प्रत्यक्ष करून दाखवले; आणि तो ठसा व्हेंटीने वापरलेल्या जातीचाच होता. अर्थात असे मुद्दाम घडवायला प्रचंड गणित करावे लागले. तरी नेटॅपच्या पद्धतीत ठसा जुळल्यावर दोन्ही तुकडे समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडतात आणि मगच एक सोडतात, ते शहाणपणाचे.

शिवाय शंभर फाइली एका तुकड्यावर टेकल्या असतील आणि तोच किडला, तर शंभरही फाइली एकदम जातात. म्हणून विंडोजच्या रचनेत ज्या तुकड्याचे शंभराहून अधिक हवाले असतात त्याची एक जादा प्रत मुद्दाम राखून ठेवतात. आधी प्रती काढून टाकायच्या आणि मग महत्त्वाची दुसरी प्रत पुन्हा करून ठेवायची, हे ऐकायला गमतीचे वाटते. पण हिशेब चोख आहे. निष्काळजीपणाने साचलेल्या प्रती वेगळ्या, आणि विचाराने राखलेली प्रत वेगळी. तीही त्याच यंत्रात असून भागत नाही. यंत्र जळाले तर दोन्ही जातील. म्हणून एक सबंध नक्कल दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावी असावी.

तेव्हा ज्यांच्या हाती अशी दप्तरे आहेत, मग ती कचेरी असो, शाळा असो की सहकारी सोसायटी, त्यांनी क्रम एवढा सांभाळावा. दिवसा नोंद घ्यावी. संध्याकाळी सबंध नक्कल काढून बाहेर ठेवावी. ती पुरी झाली की रात्री द्विरुक्ती काढावी, आठवड्याने झाडलोट आणि तपासणी करावी. आणि मूळ कागद, वाळवीपासून जपून, कपाटात तसाच राहू द्यावा. प्रतिमा झाली म्हणून तो रद्दीत घालायचा नाही.