मंदावलेल्या गतीचा इतिहास : खेळाचा संगणक, उष्णता आणि दुरुस्तीची रूढी
(विशेष संदर्भ : उंद्री, ता. चिखली, जि. बुलढाणा)

प्रस्तावना :

खेळासाठी वापरला जाणारा संगणक एकाएकी मंदावतो, ही तक्रार आज केवळ महानगरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. काल सुरळीत चाललेला खेळ आज अडखळू लागतो. सेकंदाला साठ चित्रे उमटविणारे यंत्र वीस-पंचवीस चित्रांवर येते. संगणक बंद पडत नाही, पडद्यावर कोणताही इशारा येत नाही, काही जळाल्याचा वासही येत नाही. बिघाडाची कोणतीही परिचित खूण नसल्यामुळे निदान अंदाजावर सोपविले जाते. चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या शेतीप्रधान गावात असे यंत्र घेणे म्हणजे सोयाबीन किंवा कापसाच्या हंगामातून हाती आलेल्या पैशाचा मोठा वाटा त्यात घालणे होय. अशा कुटुंबास 'कार्ड गेले, नवे घ्या' असा सल्ला मिळाला आणि तो चुकीचा निघाला, तर होणारे नुकसान लहान नसते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही अचानक आलेली मंदगती पुष्कळदा बिघाड नसतेच. ती यंत्राने स्वतःला वाचविण्यासाठी केलेली कृती असते. ही कृती संगणकात केव्हा आणि का आली, हे पाहिल्यास निदानाची दिशाही बदलते.

उष्णतेचा जुना प्रश्न :

संगणक आणि उष्णता यांचा संबंध महाराष्ट्रात पहिल्या यंत्रापासूनच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये त्यास 'टिफरॅक' हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. निर्वात नळी तापल्याशिवाय काम करीत नाही आणि तापत राहिल्याने झिजते. त्यामुळे या पिढीतील यंत्रांना वातानुकूलित दालन ही चैन नसून गरज होती. मात्र ती यंत्रे तापली म्हणून सावकाश चालत नसत. ती चुकत किंवा थांबत. नळी गेली की ती शोधून बदलावयाची, ही दुरुस्तीची रीत होती. 'चालू' आणि 'बंद' या दोनच अवस्था दुरुस्ती करणाऱ्यास ठाऊक होत्या. पुढील अनेक दशके दुरुस्तीची दृष्टी हीच राहिली, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

ट्रान्झिस्टर आणि त्यानंतर मायक्रोप्रोसेसर आल्यावर उष्णतेचा प्रश्न काही काळ मागे पडला. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, ट्रान्झिस्टर लहान करीत नेल्यास त्याच प्रमाणात त्याची विजेची गरजही घटते. म्हणजे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर मावूनही उष्णता वाढत नाही. वैयक्तिक संगणकाची सुरुवातीची वाढ या सवलतीवर झाली. १९८१ च्या आयबीएम पीसीतील प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ गतीने चाले आणि त्यावर पंखा बसविण्याची आवश्यकता नव्हती. त्या काळात संगणक मुद्दाम मंद करण्याचीही सोय होती, हे येथे गमतीने नोंदविता येईल. नंतरच्या अनेक यंत्रांवर 'टर्बो' नावाची कळ असे. तिचे खरे काम गती कमी करण्याचे होते. जुने खेळ प्रोसेसरच्या गतीवरच वेळ मोजत असल्याने वेगवान यंत्रावर ते आवरेनासे होत, म्हणून ही योजना होती. खेळ आणि यंत्राची गती यांचे नाते इतके जुने आहे.

मंदगती हे संरक्षण :

नव्वदच्या दशकात घड्याळगती वाढविण्याची स्पर्धा सुरू झाली आणि प्रोसेसरवर प्रथम धातूचे उष्णताशोषक, नंतर पंखे आले. या इतिहासातील निर्णायक टप्पा नोव्हेंबर २००० मध्ये बाजारात आलेल्या पेंटियम ४ चा होय. या प्रोसेसरमध्येच तापमान मोजणारी व्यवस्था होती. मर्यादा ओलांडली की प्रोसेसर काही क्षण काम थांबवी, पुन्हा सुरू करी, आणि तापमान उतरेपर्यंत हे चक्र चालू ठेवी. वापरणाऱ्यास ते केवळ सावकाश चालणे म्हणून जाणवे.

याचे प्रात्यक्षिक सप्टेंबर २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संगणकविषयक प्रकाशनाने घडविले. क्वेक ३ हा खेळ चालू असतानाच निरनिराळ्या प्रोसेसरांवरील उष्णताशोषक काढून घेण्यात आला. एएमडीचा अॅथलॉन क्षणात जळाला. पेंटियम ३ असलेले यंत्र गोठून थांबले. पेंटियम ४ वरील खेळ मात्र अतिशय मंद झाला, पण चालत राहिला, आणि उष्णताशोषक परत ठेवताच पूर्ववत झाला. बिघाड आणि स्वसंरक्षण यांतील भेद यापेक्षा स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण सापडणे कठीण आहे. एका यंत्राचा धूर झाला. दुसऱ्याने गतीची किंमत मोजून स्वतःस वाचविले.

२००४ च्या सुमारास डेनार्ड यांनी सांगितलेली सवलत संपुष्टात आली. ट्रान्झिस्टर लहान होऊनही वाया जाणारी वीज वाढू लागली. इंटेलने त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला आणि एका तप्त प्रोसेसरऐवजी अनेक संयत गाभे एकत्र जोडण्याचा मार्ग धरला. सामान्य गतीचे अनेक प्रोसेसर जोडून मोठे काम करून घेण्याची कल्पना महाराष्ट्रास अपरिचित नव्हती. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये सिद्ध केलेला परम ८००० हा महासंगणक याच तत्त्वावर उभा होता.

यानंतर यंत्राची गती ही स्थिर संख्या राहिली नाही. २००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत आणि २०१२ पासून एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत तापमान व वीज पाहून गती क्षणोक्षणी वर-खाली करण्याची पद्धत रूढ झाली. खोक्यावर छापलेली कमाल गती ही अनुकूल परिस्थितीतील गती असते. परिस्थिती प्रतिकूल झाली की यंत्र गुपचूप खाली येते. 'गुपचूप' हाच येथे आक्षेपाचा मुद्दा आहे. ज्या कंपन्यांनी संरक्षणाची इतकी काळजी घेतली, त्यांनी 'मी तापलो आहे' एवढे सांगणारी एक ओळ पडद्यावर दाखविण्याची तसदी क्वचितच घेतली.

'फॉरमॅट'ची रूढी :

तालुक्याच्या गावी संगणक-दुरुस्तीचा व्यवसाय वाढला तो याच काळात. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली. त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे लहान गावांतील विद्यार्थीही संगणकासमोर बसू लागले. या पिढीला दुरुस्तीचा एकच सार्वत्रिक उपाय माहीत झाला, तो म्हणजे 'फॉरमॅट मारणे'.

हा उपाय निव्वळ अज्ञानातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यास एक तांत्रिक आधार होता. २००१ च्या विंडोज एक्सपीत हार्ड डिस्कशी होणाऱ्या देवाणघेवाणीत ठरावीक संख्येने चुका आढळल्या की प्रणाली जलद पद्धत सोडून क्रमाक्रमाने मंद, पण सुरक्षित मानलेल्या पद्धतीवर येत असे. केबल सैल असणे एवढे कारणही त्यास पुरे होई. पुढे केबल नीट बसविली तरी प्रणाली आपणहून जलद पद्धतीवर परतत नसे. संगणक कायमचा मंद होई आणि खेळ तर खेळण्यायोग्य राहत नसे. प्रणाली नव्याने टाकली की ही नोंद पुसली जाई व गती परत येई. फॉरमॅटने गुण येतो, हा अनुभव खरा होता. गुण का येतो, हे मात्र कोणी विचारले नाही. पुढे डिस्क बदलल्या, प्रणाली बदलल्या, पण उपाय तोच राहिला. तापलेल्या यंत्रावर फॉरमॅटचा काहीही परिणाम होत नाही. फार तर ते काम चालू असताना यंत्र थंड होते आणि पहिल्या तासाभरात सुधारणा झाल्याचा भास होतो.

उंद्री परिसरातील परिस्थिती :

बुलढाणा जिल्ह्याचे 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. चिखली तालुका घाटावर मोडतो. पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर-शेगावच्या तुलनेत येथील उन्हाळा किंचित सौम्य असला, तरी एप्रिल-मे मध्ये दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे. टिनपत्र्याच्या छताखालील खोली त्याहून तापते.

याचा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. पंखा प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. तो केवळ दोहोंतील अंतर मर्यादित ठेवतो. खेळ चालू असताना हे अंतर ५० अंश असेल, तर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ वर राहील आणि ४३ अंशांच्या खोलीत ९३ वर पोहोचेल. अनेक प्रोसेसरांची मर्यादा ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. हिवाळ्यात निर्दोष वाटलेले यंत्र मे महिन्यात 'बिघडते' ते यामुळे. त्यात काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू यांची भर पडते. उष्णताशोषकाच्या पातळ पात्यांमध्ये त्यांचा थर बसला की हवा आत शिरत नाही. घरोघरी असलेला वाळ्याचा किंवा गवताच्या पडद्यांचा कूलर हवा थंड करतो, पण त्याच्या अगदी समोर ठेवलेल्या संगणकात दमट हवा शिरून ती धूळ चिकट होते. कूलर खोलीसाठी असावा, यंत्रासाठी नव्हे.

ग्रामीण भागात पहिला संशय विजेवर घेतला जातो. तो स्वाभाविक आहे. या शतकाच्या पहिल्या दशकातील दीर्घ भारनियमन लोकांच्या स्मरणात आहे. थ्री-फेज पुरवठा आला की ऑटोस्विच लावलेले कृषिपंप एकदम सुरू होतात आणि दाब कोसळतो, हेही अनुभवाचे आहे. तथापि डेस्कटॉपचा वीजपुरवठा संच दाबातील बराच चढउतार पचवितो. तो पेलेनासा झाला की संगणक बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. केवळ मंद होणे ही सहसा त्याची खूण नव्हे. लॅपटॉपची गोष्ट निराळी. वीज जाताच तो बॅटरीवर येतो आणि गती उतरवितो. कमी क्षमतेचा चार्जर जोडल्यासही हेच घडते.

निदानाचा क्रम :

वरील इतिहासावरून निदानात प्रथम 'काय बिघडले' असे न विचारता 'केव्हा मंदावते' असे विचारणे युक्त ठरते. खेळ पहिली दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालून नंतर मंदावत असेल, तर उष्णतेचा संशय बळावतो. तोच खेळ पहाटे आणि भर दुपारी चालवून पाहणे ही विनाखर्चाची कसोटी आहे. पेटीची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावल्यावर गती परतली, तर शंका राहत नाही. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रणालीतून तापमान आणि घड्याळगती एकत्र पाहता येतात. तापमान मर्यादेला टेकताच गती उतरत असेल, तर कार्ड बदलण्याची गरज नाही. वीज पूर्ण तोडून, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअरने धूळ काढावी; पाते मोकळे सोडल्यास ते वेगाने फिरून पंखा खराब होण्याचा धोका असतो. काही वर्षांनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. हा सर्व खर्च कार्डाच्या किमतीच्या तुलनेत नगण्य आहे.

पहिल्या क्षणापासूनच गती कमी असेल, तर उष्णतेकडे पाहण्यात अर्थ नाही. तेथे अलीकडे झालेला प्रणालीतील किंवा ड्रायव्हरमधील बदल, वीजबचतीची निवडलेली योजना, अथवा मॉनिटरची तार ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला जोडली जाणे, ही कारणे तपासावीत. शेवटचे कारण हास्यास्पद वाटले तरी सफाईनंतर घाईने तारा जोडताना ते हमखास घडते. नवे दृश्य येताच क्षणभर अडखळून खेळ पुन्हा सुरळीत होत असेल, तर डिस्क किंवा स्मृती अपुरी पडत असल्याचा संभव असतो. जुन्या कार्डाची स्मृती नव्या खेळाच्या चित्रांना खरोखरच पुरत नसेल, तर सफाईने, पेस्टने किंवा फॉरमॅटने काही साधत नाही. खेळातील चित्रांचा तपशील उतरविणे किंवा अधिक स्मृतीचे कार्ड घेणे, हे दोनच मार्ग उरतात, आणि त्यांतील पहिला फुकट असल्याने तो आधी करून पाहावा.