वादळाच्या पुढे चालणारा पाऊस

मंगळवार, 13 ऑक्टोबर 2020. रात्रीचे नऊ वाजलेत आणि तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाजवळच्या एका बोळात उभे आहात. मास्क नाकावर ओढून घ्या, कोरोनाचं वर्ष आहे. टाळेबंदीत थंडावलेले यंत्रमाग कुठे कुठे पुन्हा खडखडू लागलेत. हत्तीचं नक्षत्र नुकतंच संपलंय, चित्रा लागलंय. आज अधिक महिन्यातली एकादशी, पण पंढरपुरात विठ्ठलाच्या दाराला कुलूप आहे.

समोरच्या ओट्यावर एक पद्मशाली आजोबा मोबाइल कानाला घट्ट धरून बसलेत. पलीकडे हैदराबादची लेक आहे. तेलुगू येत नसलं तरी पाणी घरात शिरलंय, हे त्यांच्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळतं. फोन ठेवून ते मराठीत म्हणतात, "तिकडं लई बेकार पडायलाय. गुडघ्याएवढं पाणी हाय रस्त्यावर."

तुम्ही वर बघता. सोलापूरवर ढग आहेत, हवा दमट आणि जड आहे, एवढंच. पण उद्या काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते बोलायला तोंड उघडत नाही. खरं म्हणजे आजोबांच्या लेकीनं ते आत्ताच सांगून टाकलंय.

आज सकाळी बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं. त्याला चक्रीवादळ म्हणून नाव मिळायला एकच पायरी कमी पडली. अशी प्रणाली जमिनीवर आली की समुद्राची वाफ तुटते आणि ती विरते. ही विरली नाही. ती तेलंगण ओलांडून सरळ पश्चिमेकडे निघाली आहे. सबंध हंगाम भिजलेली जमीनही अशा वेळी थोडीफार वाफ पुरवत राहते.

आपली सवय पश्चिमेकडे बघायची. पाऊस सह्याद्रीवरून येणार, घाटात बहुतेक सांडणार आणि उरलासुरला आपल्या पदरात पडणार, हे सोलापूरकराच्या हाडात मुरलंय. 2018 आणि 2019च्या पावसाळ्यांत तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं याच भागात ढगांत क्षारांचे कण सोडून पाऊस वाढतो का, ते तपासलं. पण पूर्वेला सह्याद्री नाही. काकिनाड्यापासून इथपर्यंत वाट अडवणारा मोठा डोंगर नाही.

आणि खरा मुद्दा पुढे आहे. पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा प्रणालीचा सर्वांत जोरदार पाऊस बहुधा मध्यावर पडत नाही. तो तिच्या पुढच्या, नैर्ऋत्येच्या अंगाला पडतो. तिच्याभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरणारे वारे आणि अरबी समुद्राकडून येणारे ओले वारे तिथे एकमेकांत घुसतात. हवेला वर चढण्याखेरीज वाट राहत नाही. म्हणून नकाशावर मध्य शेजारच्या राज्यात दिसतो तेव्हाच आपलं अंगण भरू लागतं.

काही वादळं याहून लांब मारा करतात. ऑगस्ट 2007मध्ये एरिन वादळाचे अवशेष अमेरिकेत टेक्सास-ओक्लाहोमाच्या बाजूला होते, आणि सुमारे हजार किलोमीटर उत्तरेला मिनेसोटातल्या होका गावात एका दिवसात 38 सेंटीमीटर पाऊस झाला. वादळानं ढकललेली ओली हवा तिथल्या गार हवेवर चढली, वरच्या थरातल्या वेगवान वाऱ्यांनी तिला आणखी उचललं. सोलापूरचा प्रकार तसा दूरचा नाही, इथे प्रणाली स्वतःच दारात येते आहे. तरी मध्य कुठे आहे एवढंच विचारून निवांत झोपू नये, हे दोन्हीकडे सारखंच खरं.

आता बुधवार. पहाटेपासून धार लागलीय. बार्शीकडे चला. कापून ढीग लावलेलं सोयाबीन ताडपत्रीखाली आहे, पण पाणी खालून येतंय. बांधावरच्या मावशी पदर डोक्यावर घेऊन म्हणतात, "वरून झाकलं वो, खालून काय झाकू?" काळी जमीन आधीच तुडुंब आहे. ती आता घोटभरही पीत नाही, पडेल ते ओढ्याला देते. पाऊस कमी पडणाऱ्या मुलखात पूर इतका लवकर का येतो, त्याचं अर्धं उत्तर या चिखलात आहे.

दुपारी पंढरपुरात कुंभार घाटाजवळ जाऊ नका म्हणून कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटेल. आवाज फुटत नाही. पावसात आडोशाला थांबलेल्या माणसांवर घाटाची भिंत कोसळते. सहा जण दगावतात. यातला एकही पुरात वाहून गेला नाही, हे नीट ध्यानात घ्या. नदी वाढायच्या आधीच पावसानं माणसं नेली. पुराचा इशारा म्हणजे पात्राची पातळी, अशी समजूत असेल तर ही माणसं त्या इशाऱ्यात कधीच येत नाहीत.

पुढचं फार वेगानं घडतं. उजनीतून भीमेत दोन लाखांहून अधिक क्युसेक पाणी सुटतं. चंद्रभागेचं वाळवंट आणि त्यातली मंदिरं पाण्याखाली जातात. अक्कलकोट तालुक्यात बोरी नदी गावांत शिरते.

शनिवारी, 17 तारखेला घटस्थापना आहे. प्रणाली तोवर महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रात उतरलीय आणि तिथे पुन्हा जोर धरतेय. सोलापूरवर पाऊस ओसरलाय. पण भीमा खाली कर्नाटकात वाहते, आणि वरून सुटलेलं पाणी तिकडे पोहोचायला दिवस लागतात. त्याच सुमारास कलबुर्गी जिल्ह्यातल्या भीमाकाठच्या गावांतून माणसं गुरंढोरं घेऊन उंचावर निघाली आहेत.