तळटीप : आमिश मुले

* आमिश : ॲनाबॅप्टिस्ट परंपरेतला ख्रिस्ती पंथ. १६९३ मध्ये स्वित्झर्लंड व आल्सास भागात याकोब अमान यांच्या अनुयायांनी वेगळी वाट धरली. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. तिथली लँकेस्टर परगण्यातली वस्ती सर्वांत परिचित.

मूळ पाठात मुलांकडून आमिशांकडे काय नाही याची यादी करून घेतली आहे : वीज नाही, टीव्ही नाही, मोटार नाही. अशा यादीतून मुलांच्या मनात फक्त कीव उरते, म्हणून ही पुरवणी. आमिश लोक यंत्र सरसकट नाकारत नाहीत. पुष्कळ वस्त्यांत टेलिफोन असतो, पण घराबाहेरच्या खोपटात, कधी दोनतीन कुटुंबांत मिळून एक. फोन घरात आला की शेजाऱ्याकडे जाणे-येणे तुटेल, ही त्यामागची चिंता. काय स्वीकारायचे ते प्रत्येक मंडळी स्वतः ठरवते, त्यामुळे शेजारच्या दोन मंडळ्यांचे नियमही वेगळे असू शकतात. मुलांना हे ‘का’ आधी सांगावे; तुलना त्यानंतर.

शाळा बहुधा एकखोलीची, आठवीपर्यंत. घरी जर्मन बोली, वर्गात इंग्रजी. आठवीनंतर शाळेची सक्ती नसावी हा आमिश पालकांचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ खटल्यात मान्य केला. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र अंशतः भिन्नमत नोंदवले : मुलांनाही विचारायला हवे. वरच्या वर्गांत हे भिन्नमत अवश्य चर्चेला घ्यावे. — संपादक