दहावीचा उत्क्रांतीचा धडा : पालकांनी काय माहीत करून घ्यावं?

दहावीच्या विज्ञानात उत्क्रांतीचा धडा आला की अनेक मुस्लिम घरांत प्रश्न निघतात. माणूस माकडापासून झाला असं शिकवतात का? असं उत्तर लिहिलं तर ईमानाला धक्का लागतो का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांवर अनेकांची घरं चालतात. अशा घरातली मुलं दहावीनंतर कुणी आयटीआयला, कुणी कॉमर्सला, तर कुणी थेट कामाला जातात. पुढे जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलासाठी दहावीतला हा धडा म्हणजे या विषयाची शाळेतली शेवटची भेट. म्हणून तो नीट समजून घेणं गरजेचं आहे.

पुस्तकात काय आहे?

राज्य मंडळासाठी बालभारतीने 2018 मध्ये आणलेल्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2' या पुस्तकातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. उर्दू माध्यमालाही हाच अभ्यासक्रम आहे. तिथे उत्क्रांतीला 'इर्तिका' म्हणतात. धड्यात जीवाश्म, अवशेषांगे, जोडणारे दुवे असे पुरावे, डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत, लॅमार्कचं मत आणि मानवाची उत्क्रांती हे भाग येतात. भाग 2 चा लेखी पेपर 40 गुणांचा असतो.

माणूस माकडापासून झाला का?

आजच्या माकडापासून माणूस झाला, असं विज्ञान म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वी एकच होते, असं ते सांगतं. दोन चुलत भावांचा आजोबा एक असतो, म्हणून एक भाऊ दुसऱ्याचा बाप होत नाही, तसंच हे.

वाद कुठे झाला?

जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, तो शाळा-कॉलेजातून बदलायला हवा, असं म्हटलं. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याला विरोध केला. म्हणजे या धड्यावर आक्षेप फक्त मुसलमानच घेतात, हा समज खरा नाही.

पुढे एनसीईआरटीने अभ्यासाचा भार कमी करण्याचं कारण देत दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. तिथे धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' राहिलं. एप्रिल 2023 मध्ये 1,800 हून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षक आणि इतरांनी खुल्या पत्राने हरकत घेतली. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय कायम आहे. तुमचं मूल सीबीएसईला असेल, तर हा फरक लक्षात घ्या. नीटच्या अभ्यासक्रमात उत्क्रांती आहेच. डॉक्टर व्हायचं तर ती टाळता येत नाही.

दीनचा प्रश्न

नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिज यांनी प्राण्यांवरच्या ग्रंथात जीवांची अन्नासाठीची धडपड लिहिली. तो आजचा सिद्धांत नव्हे, पण निसर्ग बघून लिहिण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे.

आज मुस्लिम अभ्यासकांत एकमत नाही. काही उत्क्रांती पूर्ण नाकारतात. काही इतर जीवांची उत्क्रांती मानतात, पण हजरत आदम (अलैहिस्सलाम) यांची निर्मिती वेगळी मानतात. काही पूर्ण सिद्धांत स्वीकारतात. शोएब अहमद मलिक यांनी 2021 च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात इमाम गझाली यांच्या विचारांच्या आधारे या मतांची तपासणी केली आहे.

विज्ञानात मात्र हा सिद्धांत पुराव्यांवर पक्का उभा आहे. रोजच्या जगण्यातही तो दिसतो. अँटिबायोटिकच्या माऱ्यात जे जंतू तग धरतात, तेच वाढतात आणि पुढे ते औषध लागू पडत नाही. ही नैसर्गिक निवडच आहे.

पालकांनी काय करावं?

- ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, धडा स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या.
- 'डार्विनचा सिद्धांत लिहा' याचं उत्तर लिहिणं म्हणजे अकीदा बदलणं नव्हे. पेपरात पुस्तकातलंच उत्तर लिहायला सांगा.
- धडा वर्गात शिकवला नसेल तर मुख्याध्यापकांना भेटून विचारा. तो मुलांचा हक्क आहे.
- अकीद्याचा प्रश्न जाणकार आलिमांना विचारा, विज्ञानाचा प्रश्न विज्ञानाच्या सरांना.
- मूल विचारत असेल तर रागावू नका. घरात उत्तर मिळालं नाही, तर ते मोबाईलवर शोधेल, आणि तिथे काय सापडेल याचा भरवसा नाही.